जागा राखीव, पण मत सगळ्या गावाचं! सरपंचपदाच्या आरक्षणाची ही पद्धत आली कुठून?

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघाली की तहसील कार्यालयाच्या आवारात उभं राहायला जागा नसते. शाळेतल्या एखाद्या पोराला पुढं बोलावून बरणीतून चिठ्ठी काढायला लावतात. चिठ्ठी वाचून होते ना होते तोच गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज येऊन पडलेला असतो. अमुक गाव सर्वसाधारण, तमुक गाव अनुसूचित जाती, पलीकडचं अनुसूचित जाती महिला. मग पारावर, चहाच्या टपरीवर दोन दिवस तीच चर्चा. पद राखीव निघालं तर उमेदवार कोण, आणि त्याच्या मागं कोण. हा दुसरा प्रश्न जरा हळू आवाजात विचारला जातो.

या गर्दीत एक गोष्ट फारसं कुणी विचारत नाही. पद राखीव आहे, उमेदवार अनुसूचित जातीचाच पाहिजे, पण मतदान मात्र सगळं गाव करतं. असं का? ज्यांच्यासाठी पद राखीव ठेवलं त्यांनीच आपला माणूस का निवडू नये? याचं उत्तर शोधत मागं गेलं की वाट १९३२ सालच्या सप्टेंबर महिन्यात येरवड्याच्या तुरुंगात जाऊन पोचते. तिथं दोन मोठी माणसं एकाच प्रश्नावर समोरासमोर आली होती. अस्पृश्यता गेली पाहिजे यावर दोघांचंही एकमत होतं. ती घालवायची कुणी आणि कशी, यावर मात्र कडाक्याचं भांडण होतं.

आधी स्वराज्य की आधी सुधारणा?

हे भांडण त्याच्याही बरंच आधीचं. महात्मा जोतिराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. सभा नाही, ठराव नाही. घरचंच पाणी दिलं. पुढं २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज काढला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की खालच्या माणसाला शिक्षण आणि माणूसपण मिळाल्याशिवाय नुसत्या राजकारणाचा त्याला काय उपयोग?

काँग्रेस सुरू झाली तेव्हा तिच्या अधिवेशनाला जोडून न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकारानं सामाजिक परिषद भरायची. १८९५ ला पुण्यात अधिवेशन आलं तेव्हा टिळकांच्या बाजूच्या मंडळींनी हरकत घेतली, की काँग्रेसच्या मांडवात ही परिषद नको. सामाजिक प्रश्न काढले तर लोक फुटतील, आधी इंग्रज घालवू, घरातलं मग बघू, असा त्यांचा हिशोब. शेवटी परिषद दुसरीकडं भरवावी लागली. मांडव वेगळे झाले ते झालेच. काँग्रेसनं अस्पृश्यतेविरुद्ध ठराव केला तो १९१७ साली, कलकत्त्याच्या अधिवेशनात. त्यामागं महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांची खटपट होती. त्यांनी १९०६ सालीच मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढून शाळा आणि वसतिगृहं सुरू केली होती.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी तिसरीच वाट धरली. हातात राज्य होतं, म्हणून हुकूमच काढला. २६ जुलै १९०२ ला मागासलेल्या वर्गांसाठी नोकरीतल्या ५० टक्के जागा राखून ठेवल्या. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण भीमराव आंबेडकरांकडं बोट दाखवून लोकांना सांगितलं, की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला. हे माणगाव आजच्या हातकणंगले तालुक्यात आहे.

ठराव कागदावर, पाणी तळ्यात

१९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात एक ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेनं पुढच्याच वर्षी आपलं चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. तीन वर्षं गेली. तळ्यावर जनावरं पाणी पीत होती, अस्पृश्य माणूस मात्र पीत नव्हता. म्हणजे पायाची हिंमतच होत नव्हती.

२० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. थोड्याच वेळात गावात अफवा उठली, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परिषदेच्या मांडवात जेवायला बसलेल्या माणसांवर हल्ला झाला. नंतर तळ्यात शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं गेलं. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तर काही जणांनी कोर्टातून मनाई आणली. तेव्हा जागा द्यायला कुणी तयार नव्हतं, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. २५ डिसेंबरला तिथं मनुस्मृती जाळली. तो ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता, जातीनं ब्राह्मण. आणि त्याच मांडवात एक फोटो लावलेला होता, गांधीजींचा! पाच वर्षांनी काय होणार आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक?

कोर्टाचं काम दहा वर्षं चाललं. मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टानं निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं दिला. एका ओंजळीसाठी दहा वर्षं.

आज हे वाचताना वाटतं, की रोज का नाही गेले पाण्यावर, कोण अडवणार होतं? हे कळायला त्या वेळचं गाव डोळ्यापुढं आणावं लागतं. बहुतेक अस्पृश्य कुटुंबांकडं पोटापुरती जमीन नव्हती. महारांना वतन होतं, पण त्याच्या बदल्यात रात्रंदिवस सरकारची आणि गावाची कामं. सांगावा पोचवा, शेतसारा पोचता करा, मेलेलं ढोर ओढा. मोबदला म्हणजे बलुतं, तेही खळ्यावर मालक देईल तेवढं. असा माणूस विहिरीवर गेला की गाव मारहाण करायचंच असं नाही. गाव फक्त काम बंद करायचं. दुकानातून मीठ-मिरची बंद, रानात गुरं सोडायला बंदी, सुगीत बलुतं नाही. शेतकऱ्याला हे जास्त सांगावं लागत नाही. सुगीचे पंधरा दिवस हातचे गेले की वर्ष गेलं. म्हणूनच महाडच्या पहिल्या परिषदेत आंबेडकरांनी पाण्याबरोबर आणखी गोष्टी सांगितल्या. मेलेली ढोरं ओढणं सोडा, शिळ्यापाक्या तुकड्यांवर जगणं सोडा, पोरांना शिकवा, जमीन मिळवा. पोट दुसऱ्याच्या हातात असेल तर हक्काचा कागद काय कामाचा, हे त्यांनी ओळखलं होतं.

एकाच महिन्यात दोन सत्याग्रह

२ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिरापुढं सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड हे तिथलं काम बघत होते. बरोबर दहा दिवसांनी, १२ मार्चला, गांधीजी साबरमतीहून मिठाच्या सत्याग्रहासाठी दांडीकडं निघाले. दोन्हीकडं माणसं शांतपणे उभी होती, दोन्हीकडं मार खाल्ला. फरक एवढाच, की दांडीला समोर इंग्रज सरकार होतं आणि नाशिकला समोर आपलीच माणसं होती, रामाचीच लेकरं. रामनवमीच्या रथावरून मोठी मारामारी झाली. सत्याग्रह पुढं जवळपास पाच वर्षं थांबत-चालत राहिला. दार उघडलं नाही.

या दारानं आंबेडकरांना जे शिकवलं ते पुढच्या सगळ्या गोष्टींच्या मुळाशी आहे. १९३४ साली त्यांनी गायकवाडांना पत्रानं कळवलं, की देवळात जाऊन प्रश्न सुटेल म्हणून हा सत्याग्रह नव्हता, आपली माणसं जागी व्हावीत म्हणून होता. ते काम झालं, आता ताकद शिक्षणात आणि राजकारणात लावू.

गांधीजींचं म्हणणं काय होतं? अस्पृश्यता हे पाप आहे, आणि ज्यानं पाप केलं त्यानंच प्रायश्चित्त घ्यावं. म्हणजे बदलायचं आहे सवर्णांनी. जबरदस्तीनं, कायद्याच्या जोरावर देवळं उघडण्यापेक्षा सवर्णांनी आपणहून ती उघडावीत. अशी उदाहरणं घडतही होती. वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी १९२८ साली आपल्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुलं केलं. गांधीजी त्या काळात वर्णव्यवस्थेचा चांगला अर्थ लावू पाहत होते. आंबेडकरांना तो पटत नव्हता. झाडाची फांदी तोडून मूळ ठेवलं तर पुन्हा फुटवा येणारच, असा त्यांचा रोख.

१४ ऑगस्ट १९३१ ला मुंबईत मणिभवनात दोघांची भेट झाली. गांधीजींनी सांगितलं, की या प्रश्नाचा विचार ते शाळेत असल्यापासून करत आहेत, आणि काँग्रेसनं त्यावर लाखो रुपये खर्च केले आहेत. आंबेडकरांनी एक साधा प्रश्न टाकला. काँग्रेसचं सभासद व्हायला खादीची अट घालता, मग घरात अस्पृश्यता पाळणार नाही ही अट का घालत नाही? या प्रश्नाचं सरळ उत्तर तेव्हा मिळालं नाही. आजही हा प्रश्न वाचला की माणूस थांबतो.

येरवडा : मतपेटी कुणाची?

ऑगस्ट १९३२ मध्ये इंग्लंडचे पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. समजायला सोपं जावं म्हणून गावाचं उदाहरण घेऊ. समजा गावात एक हजार मतदार आहेत, त्यातले दीडशे अस्पृश्य. स्वतंत्र मतदारसंघ म्हणजे राखीव जागेवर फक्त ते दीडशे मत देणार, बाकीच्यांचा संबंध नाही. शिवाय सर्वसाधारण जागेवरही ते सगळ्यांबरोबर मत देणार. म्हणजे दोन मतं. एका मतानं आपला माणूस निवडायचा आणि दुसऱ्या मतामुळं बाकीच्या उमेदवारांनाही आपल्या वस्तीत यावं लागायचं. अर्थात त्या काळी मताचा अधिकार सगळ्यांना नव्हताच. शेतसारा, घरपट्टी, शिक्षण असल्या अटी होत्या. पण तत्त्व हे होतं.

गांधीजी तेव्हा येरवडा तुरुंगात होते. त्यांना हे अजिबात मान्य नव्हतं. याने गावोगाव दोन तट पडतील, अस्पृश्य कायमचे वेगळे पडतील, आणि सवर्णांना प्रायश्चित्ताचं कारणच उरणार नाही, असं त्यांचं म्हणणं. २० सप्टेंबरला त्यांनी आमरण उपोषण सुरू केलं. तुरुंगाच्या आवारात आंब्याच्या झाडाखाली खाट, आणि तिच्याभोवती वाटाघाटी.

आंबेडकरांची अवस्था काय झाली असेल याचा विचार करावा. स्वतंत्र मतदारसंघ हातात आलेले, आणि पलीकडं गांधीजींचा जीव. काही बरंवाईट झालं असतं तर राग निघणार होता खेड्यापाड्यातल्या वस्त्यांवर, तेही पुढं कुणी संरक्षण द्यायला नसताना. अस्पृश्यांच्या पुढाऱ्यांतही एकमत नव्हतं. मद्रासचे एम. सी. राजा यांनी त्याच वर्षी संयुक्त मतदारसंघाच्या बाजूनं करार केलेला होता. शेवटी २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. सवर्ण हिंदूंच्या वतीनं पंडित मदनमोहन मालवीय आणि अस्पृश्यांच्या वतीनं डॉ. आंबेडकर यांच्या सह्या. गांधीजींची सही त्यावर नाही. २६ तारखेला उपोषण सुटलं. (२४ सप्टेंबर हा सत्यशोधक समाजाचाही स्थापना दिवस, हा योगायोग.)

करारात काय ठरलं? प्रांतांच्या कायदेमंडळात १४८ राखीव जागा, म्हणजे निवाड्यात होत्या त्याच्या जवळपास दुप्पट. मुंबई प्रांताला, तेव्हा सिंध धरून, १५. जागा वाढल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेला. त्याऐवजी दोन टप्पे आले. आपल्या उदाहरणातले दीडशे मतदार आधी चार जण निवडणार, आणि मग अख्खं हजार मतदारांचं गाव त्या चारांतला एक निवडणार. ही पहिली चाळणीही दहा वर्षांपुरतीच. स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत आणि सरकारी नोकरीत अस्पृश्य म्हणून कुणाला डावलू नये, प्रत्येक प्रांतानं त्यांच्या शिक्षणासाठी वेगळी रक्कम काढून ठेवावी, अशीही कलमं त्यात होती. त्यांची आठवण कमी काढली जाते.

आंबेडकरांचा आक्षेप पुढंही टिकून राहिला. हजार मतांत साडेआठशे दुसऱ्यांची असतील तर निवडून येणारा माणूस दीडशांचं ऐकेल की साडेआठशांचं? चारांतला सगळ्यात मऊ माणूसच बाकीचे निवडतील. गांधीजींच्या बाजूचं उत्तर असं, की उमेदवाराला सगळ्या गावाकडं मत मागायला जावं लागेल आणि गावालाही त्याला आपला म्हणावं लागेल, तरच मन बदलेल. दोघांचंही म्हणणं ज्याला खोटं ठरवायचंय, त्यानं राखीव ग्रामपंचायतीत वर्षभर बसून बघावं. दोन्ही खरं असल्याचे दाखले सापडतात, कधीकधी एकाच पंचवार्षिकात.

करारानंतर वाटा फुटल्या

करारानंतर लगेच अस्पृश्यतानिवारणासाठी संस्था निघाली, तीच पुढं हरिजन सेवक संघ झाली. अध्यक्ष उद्योगपती घनश्यामदास बिर्ला. आंबेडकर सुरुवातीला तिच्यात होते, पण अस्पृश्यांच्या संस्थेचा कारभार अस्पृश्यांच्या हाती नाही हे दिसल्यावर बाहेर पडले. संघाचं म्हणणं, कर्ज सवर्णांचं आहे, फेडायचं त्यांनी. सोसणाऱ्यानं कारभारात बसायचं कशाला, हा तर्क ऐकायला बरा वाटतो. पण सोसणाऱ्याला तो कसा वाटला असेल?

तरी गांधीजींच्या वाटेवरही फुलं नव्हती. नोव्हेंबर १९३३ मध्ये वर्ध्यातून निघून त्यांनी देशभर दौरा केला, विहिरी आणि देवळं उघडा म्हणून सांगत. २५ जून १९३४ ला पुण्यात त्यांच्यासाठी निघालेल्या मोटारींवर बॉम्ब टाकला गेला. ते वाचले. पुढं त्यांचे विचारही बदलत गेले. शेवटच्या वर्षांत तर नवरा-नवरीतलं एक जण हरिजन असेल तरच लग्नाला आशीर्वाद देईन, इथपर्यंत ते आले.

इकडं रत्नागिरीत सावरकर स्थानबद्ध होते, राजकारणाला बंदी. त्यांनी सहभोजनं लावली, आणि भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून उभं राहिलेलं पतितपावन मंदिर फेब्रुवारी १९३१ मध्ये सगळ्या जातींना खुलं झालं. त्यांची भूमिका हिंदूंच्या एकजुटीची होती. जुनं देऊळ उघडत नाही तर नवं बांधू, असा तो मार्ग.

आंबेडकर मात्र देवळापासून दूर गेले. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी जाहीर केलं, की हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. कोकणात खोतांच्या जाचाखाली कुणबी आणि महार दोघंही पिचलेले. १९३७ ला आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं आणि १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत कायदेमंडळावर चालून गेले. कुळवाडी आणि अस्पृश्य एका मोर्चात, एका घोषणेत. पाणवठ्यावर जे जमलं नाही ते शेतसाऱ्याच्या आणि खोताच्या प्रश्नावर जमलं.

पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार मात्र उशिरा उघडलं. साने गुरुजी महाराष्ट्रभर फिरले, आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसले. स्वातंत्र्य अवघं तीन महिन्यांवर आलं होतं. गांधीजींना चुकीची माहिती मिळाल्यानं त्यांनी उपोषण थांबवा अशी तार केली. गुरुजींनी ऐकलं नाही. दहाएक दिवसांनी बडव्यांनी मान्य केलं. चोखोबाची समाधी महाद्वाराशी शेकडो वर्षं होती, त्याच्या माणसांना आत जायला १९४७ उजाडावं लागलं.

संविधानात काय आलं

संविधानाच्या कलम १७ नं अस्पृश्यता नष्ट केली आणि ती पाळणं गुन्हा ठरवला. हा भाग कायद्याच्या वाटेचा. राखीव जागा आल्या, पण मतदार सगळेच. हा भाग पुणे कराराचा. दीडशांची पहिली चाळणी मात्र राहिली नाही. म्हणजे करारात आंबेडकरांना जेवढं मिळालं होतं, त्यातलंही एक पाऊल मागं.

याचा पहिला फटका कुणाला बसला? ज्यानं मसुदा समितीचं अध्यक्षपद सांभाळलं, त्यालाच. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईतून डॉ. आंबेडकर हरले. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले. दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही आंबेडकर हरले. अस्पृश्यांचा सगळ्यात मोठा पुढारी अस्पृश्यांसाठीच्या जागेवर दोनदा निवडून येऊ शकला नाही. येरवड्यात त्यांनी जी भीती बोलून दाखवली होती, ती त्यांच्याच वाट्याला आली.

गावपातळीवर हे आरक्षण पक्कं झालं ७३ व्या घटनादुरुस्तीनं, २४ एप्रिल १९९३ पासून. आणि महाराष्ट्रात सरपंच थेट जनतेतून निवडायचा की सदस्यांतून, हे २०१७ पासून दोनदा बदललं. आधी थेट, २०२० ला परत सदस्यांतून, २०२२ ला पुन्हा थेट. थेट निवडणुकीत राखीव पदावरच्या उमेदवाराला अख्ख्या गावाची मतं लागतात. पॅनल लागतं, गाड्या लागतात, निवडणुकीचा खर्च लागतो. तो कोण करतो यावर पुढची पाच वर्षं सही कुणाची आणि शिक्का कुणाकडं हे ठरतं. आणि काही गावांत राखीव पदावरची बाई स्वतः दप्तर काखेत मारून पंचायत समितीत जाते, ग्रामसेवकाला हिशोब विचारते, नळयोजनेची पाइपलाइन वस्तीपर्यंत ओढून आणते. तिलाही मतं सगळ्या गावानंच दिलेली असतात.

पुढच्या सोडतीला बरणीतून चिठ्ठी निघेल, तेव्हा आपल्या गावाची मतदार यादी काढून एकदा मोजावं. वस्तीची मतं किती, आणि बाकी गावाची किती.